रफ वहीची मागची पानं

शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याबद्दल दोन ठिकाणी लिहिलं जातं. एक मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरात. तिथे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत घातल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस, एवढ्याच गोष्टी असतात, पण त्या कायम जपल्या जातात. पन्नास वर्षांनी नातू दाखला काढायला आला तरी आजोबांची नोंद तिथे सापडते. दुसरं लिखाण मूल स्वतः करतं, रफ वहीच्या मागच्या पानांवर. लग्नात ऐकलेलं गाणं, मैत्रिणीचं नाव, वाचून संपवलेल्या गोष्टीत कोण मेलं आणि का मेलं, बापाचं पिणं, आजीचं दुखणं, संध्याकाळच्या एसटीची वेळ. वार्षिक परीक्षा संपली की ही वही रद्दीत जाते, नाहीतर पावसाळ्यात चूल पेटवायला.

मराठी मुलखातल्या शिक्षणाचा इतिहास बराचसा पहिल्या प्रकारच्या नोंदींवरून लिहिला गेला. पण दुसऱ्या प्रकारच्या लिखाणालाही इतिहास आहे, आणि अंबाडीसारख्या गावातून पाहिलं तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

अंबाडी भिवंडी तालुक्यात, भिवंडी-वाडा रस्त्यावर. इथल्या नाक्यावर रस्ता फुटतो. एक वाट कुडूसवरून वाड्याला जाते, दुसरी वज्रेश्वरी आणि गणेशपुरीच्या बाजूने शिरसाडला अहमदाबादच्या महामार्गाला मिळते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा भिवंडी तालुका ठाण्यात राहिला आणि शेजारचे वाडा, वसई हे तालुके पालघरात गेले. त्यामुळे अंबाडीच्या सोयरिकी आणि बाजारहाट आता दोन जिल्ह्यांत वाटले गेले आहेत. नाक्यावर मालाचे ट्रक, भिवंडीच्या गोदामांत कामाला निघालेली तरुण पोरं, वज्रेश्वरीचे भाविक आणि दप्तरं घेतलेली मुलं अशी सगळ्यांची गर्दी असते.

या परिसराचा लिहिलेला इतिहास काही लहान नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. त्या मोहिमेआधी त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि विजयानंतर देऊळ बांधून तो फेडला, असं परंपरा सांगते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने तानसाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांची दखल घेतली. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पूर्ण झालं आणि इथल्या डोंगरांतलं पाणी मुंबईच्या नळांना गेलं. गणेशपुरीला नित्यानंद स्वामी राहिले, तिथेच ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. देवीची, लढाईची, पाण्याची, संतांची तारीख आपल्याला ठाऊक आहे. इथल्या एखाद्या वाडीवरच्या पोरीने पहिलं पुस्तक कधी हातात घेतलं, तिने त्याबद्दल काय लिहिलं, याची तारीख कुणी ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

स्वतःच्या शाळेबद्दल आणि घराबद्दल मराठीत लिहिणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत एक नाव याच टापूशी जोडलेलं आहे. वसईजवळच्या तर्खड गावावरून ज्यांचं आडनाव पडलं ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४ चा, मुंबईतला. १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिणारा हा माणूस पुढे आत्मचरित्र लिहायला बसला आणि त्यात त्याने आपलं बालपण, पंतोजी, शिकणं आणि घरची माणसं यांना जागा दिली. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं. पण दादोबांनी हे लिहिलं ते मोठेपणी, नावारूपाला आल्यावर, मागे वळून पाहताना. शाळेच्या बाकावर बसलेलं मूल त्याच वेळी काय विचार करत होतं हे अशा लिखाणातून गाळून, निवळून येतं.

बाकावरून थेट आलेला आवाज मराठीने ऐकला तो १८५५ मध्ये. तो एका मुलीचा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा चौदा वर्षांची होती. मांग आणि महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. तीन वर्षांच्या शिक्षणानंतर मुक्ता एवढं लिहू शकली, यातच त्या शाळेची थोरवी दिसते. पण आज तो निबंध वाचताना जास्त भिडतं ते तिचं धाडस. पेशवाईत तालमीसमोरून जाणाऱ्या अस्पृश्याचं काय होई, इमारतींच्या पायांत माणसं कशी गाडली गेली, आपल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही कसं नसतं, हे ती एकेक करून सांगते. जो धर्म आपल्याला वेद वाचू देत नाही तो आपला कसा, असं ती देवालाच विचारते. निबंध कसा लिहावा याचे ठरलेले साचे तेव्हा तयार झाले नव्हते. तिने आपल्या वस्तीतल्या बायांचं जगणं जसं पाहिलं तसं लिहिलं, आणि ते पुरेसं होतं.

पुढे साचे आले. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. १८८२ मध्ये ते गेले तोवर निबंध हा मराठीतला मानाचा प्रकार झाला होता. शाळांनी तो उचलला, परीक्षेत त्याला गुण लागले, आणि गुणांच्या मागोमाग गाईडं आली. गाईडमधली आई पहाटे उठते, सडा घालते, देवपूजा करते, डबा भरून देते. तानसाकाठच्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीची आई मात्र दिवाळी झाली की नवऱ्यासोबत वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. सात-आठ महिने ती दिवसभर चिखल आणि विटांत असते. त्या मुलीने परीक्षेत ‘माझी आई’ लिहिताना कुठली आई लिहायची? बहुतेक जणी गाईडमधली लिहितात, कारण तिला गुण मिळतात. खऱ्या आईबद्दलचं लिखाण रफ वहीतच राहतं. मराठी शाळेने मुलांच्या भाषेचं जे नुकसान केलं त्यातलं हे सर्वांत मोठं, असं म्हणायला हवं.

त्याला तोडही एका मास्तरानेच काढली होती. साने गुरुजी १९२४ मध्ये अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. तिथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. स्वतःच्या हाताने ते लिहून काढत आणि मुलं वाचत. त्यातून ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. १९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. हे पुस्तक कोकणातल्या एका गरीब घराच्या आठवणींचं आहे. त्यात पोराच्या रोजच्या जगण्यातल्या बारीक बारीक गोष्टी आहेत. गाईडमधली आई बहुतेक याच आईची हजारदा उतरवलेली आणि उतरवता उतरवता पुसट झालेली नक्कल आहे. गुरुजींची आई मात्र पुसट नव्हती. ती चिडे, रडे, कर्जाने खचे. पुढच्या मास्तरांनी तिचे सद्गुण घेतले आणि तिची तगमग सोडून दिली.

शाळेचं हस्तलिखित ही चाल त्यानंतर मराठी शाळांत खूप वर्षं टिकली. वर्षातून एकदा मुलांकडून लेख, कविता, विनोद, चित्रं मागवायची, चांगल्या अक्षराच्या मुलींनी ते कार्डशीटवर उतरवायचं, बाजूने वेलबुट्टी काढायची, पुठ्ठ्याची बांधणी करायची आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करायचं. एकच प्रत. ती हाताळायला मिळावी म्हणून मुलं रांग लावत. ज्यांचं नाव कुठल्याही छापील कागदावर कधी येणार नव्हतं, अशा किती मुलांनी आपलं नाव पहिल्यांदा लेखक म्हणून पाहिलं ते याच एका प्रतीत. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. त्यामुळे छापील पानांवर जाण्याचा एक रस्ता उघडला, पण घरच्या हस्तलिखिताची जवळीक छापील मासिकाला येणं अवघड होतं.

अंबाडीच्या टापूत मात्र ही चाल उशिरा पोचली, आणि त्याचं कारण शाळेच्या बाहेर आहे.

ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि आगरी, कुणबी अशी वस्ती. जंगल आणि जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली तशी आदिवासी कुटुंबं कर्जात अडकली. लग्नासाठी चार पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत नवऱ्या-बायकोने जमीनदाराकडे राबायचं, अशी पद्धत होती. त्या माणसाला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, म्हणून मूलही त्याच वाड्यावर गुरं राखायला लागे. मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीचा डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याने १९३८ मध्ये केलेला अहवाल या लग्नगड्यांबद्दल बोलतो. १९४५ च्या जानेवारीत शेजारच्या कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या बाजूला शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठबिगारी नाकारली. गोदावरीबाईंनी त्या लढ्याची हकीगत १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेचा उंबरा न पाहिलेल्या वारल्यांचं बोलणं, हसणं, भिणं या पुस्तकाने मराठी घरांत नेलं. लिहिणारा हात बाहेरच्या शिकलेल्या बाईचा होता, कारण आत लिहिणारा हात अजून तयार व्हायचा होता.

तो तयार करायला त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे रानात असत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरत असताना झाडाखाली अक्षरं, गाणी, गोष्टी. तिचं नाव कुरणशाळा. बालवाडीतल्या खेळण्यांसाठी शिंपले, बिया, काड्या, पानं वापरायची हा कोसबाडचा धडा आज साऱ्या अंगणवाड्यांत गिरवला जातो. कुरणशाळेचा धडा त्याहून मोठा होता. मुलाचं काम बाजूला सारा मग शिकवू, असं ताराबाई-अनुताई म्हणाल्या नाहीत. मूल जिथे राबतं तिथे त्या गेल्या.

वेठबिगारी कायद्याने संपली ती १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या कायद्याने. कागदावरून ती रानात पोचायला आणखी वेळ लागला. वज्रेश्वरीपासून जवळच, वसई तालुक्यातल्या उसगावच्या डोंगरीवर विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसदेचं काम उभं केलं आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना सुरू झाली. वसई, भिवंडी, वाडा, शहापूर या तालुक्यांत वेठबिगार शोधून त्यांची सुटका करण्याचं काम या संघटनेने केलं. अंबाडी या सगळ्याच्या मधोमध आहे. ज्या घरात आजोबा लग्नगडी होते त्याच घरातली नात आज कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरते, असं या भागात घडू शकतं. मधल्या पिढीने काय सोसलं ते ना अर्जात येतं ना रजिस्टरात.

वीटभट्ट्यांनी तोच प्रश्न नव्या रूपात आणला. भट्टीचा मालक पावसाळ्यात, हाताला काम नसताना बयाणा देतो. दसरा-दिवाळी झाली की कुटुंब भट्टीवर दाखल. विटांचा ढीग आणि गवत-पेंढा यांची तात्पुरती झोपडी करायची, तिला म्हणतात भोंगा. शाळा जूनमध्ये सुरू होते, मुलं दिवाळीत निघून जातात आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. १९९० च्या दशकात विधायक संसदेने या झोपड्यांमध्येच शाळा भरवल्या. त्या भोंगाशाळा. कुरणशाळा गुरांमागे गेली, भोंगाशाळा विटांमागे. मधे चार-पाच दशकं गेली तरी मूल कामावर आणि शाळा त्याच्या शोधात, हे बदललं नव्हतं.

भोंगाशाळेत बसलेल्या मुलाला ‘आपल्याबद्दल लिही’ म्हटलं तर ते काय लिहील? घराचं नाव बदलत नाही पण घर दरवर्षी बदलतं. बापाच्या खांद्यावर माती आहे, आईच्या हातावर जुन्या भाजल्याचा डाग आहे, धाकट्याला झोळीत घालून थोरली बहीण वीट उलटते. मुक्ता साळवेनंतर दीडशे वर्षांनी मराठीला याच लिखाणाची सर्वांत जास्त गरज होती. ते झालं असेल तर पाटीवर झालं असेल, आणि पाटी पुसली जाते.

पण वही यायच्या आधी या घरांत काहीच नव्हतं, असं समजणं मोठा अन्याय होईल. लेखणी नव्हती तेव्हा गळा होता.

वारली लग्न धवलेरी लावते. ही बाई मंत्र म्हणत नाही, गाते. भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी नवरा-नवरीच्या दोन कुळांना गाण्यातून एकत्र आणते. आगरी लग्नातही धवलारीण असते. हळद लागण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीचं तिच्याकडे गाणं आहे, आणि प्रत्येक घराच्या माणसांची नावं ती त्यात गुंफते. लग्नातल्या या गाण्यांचा मराठीतला सर्वांत जुना लिखित पुरावा तेराव्या शतकातला आहे. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेखातर महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती हीच. अंबाडीच्या बाजूला मांडवात बसून गाणाऱ्या धवलारणीने महदंबेचं नावही ऐकलेलं नसेल. तरीही सातशेहून जास्त वर्षं बायका एकीकडून दुसरीकडे जे देत आल्या, तेच ती देत असते. तिच्या मांडीवर पेंगणारी नात पुढे शाळेत मराठी वाङ्मयाचा इतिहास पाठ करते, पण त्या इतिहासाचं पहिलं पान आपल्या आजीच्या तोंडी आहे, हे तिला कुणी सांगत नाही. सांगितलं तर तिचा निबंध वेगळा होईल.

तारप्याचंही असंच. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांतून घडवलेलं हे वाद्य नवं भात तयार होतं तेव्हापासून दिवाळीपर्यंत वाजतं. वाजवणारा मधोमध आणि नाचणारे त्याच्याभोवती वेटोळं धरून. हाच गोल जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी जगभर नेला आणि आज जिल्हा परिषदेच्या किती तरी शाळांच्या भिंतींवर तो रंगवलेला दिसतो. भिंतीवर तारपा आहे, वर्गात क्वचितच वाजतो.

या मौखिक लिखाणाची (दुसरं नाव नाही त्याला) खरी किंमत पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी ओळखली. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायकांनी हजारापेक्षा जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या. दळता दळता बाई ज्याच्याबद्दल गात होती ते सगळं विद्यार्थ्याच्या रफ वहीतलंच आहे: माहेर, भाऊ, सासू, मूल, देव, पाऊस, न बोललेलं दुःख. रोजच्या जगण्यावर मनाशी बोलण्याची मराठीतली सर्वांत मोठी वही पहाटे अंधारात दळणाऱ्या निरक्षर बायकांनी भरली. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं आणि त्या वहीची पानं वाढायची थांबली.

गाणं आणि लेखणी यांना जोडणारा दुवाही मराठी घरांत होता. तो म्हणजे गाण्यांची वही. भजनी मंडळाच्या बुवाकडे अभंगांची वही असते. घरात मुलीकडे हदग्याची, आरत्यांची, उखाण्यांची वही असे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला लागू लागलं तेव्हा ऐकता ऐकता गाणी उतरवून घेणाऱ्या वह्या घरोघर निघाल्या. पुढे कॅसेट आली. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, भीमगीतं, कोळीगीतं नाक्यावरच्या दुकानांतून वाजू लागली, आणि कॅसेट थांबवून, मागे नेऊन, एकेक शब्द पकडत ती वहीत उतरायची. या कामात कान तयार होत असे आणि शुद्धलेखनही. ज्या मुलाला धड्यातला उतारा लिहायचा कंटाळा, तोच गाण्याची चार कडवी न चुकता उतरवी. आता मोबाइलवर गाणं शब्दांसकट येतं. लिहून घेण्याची गरज संपली, आणि वहीतलं गाणं ज्याच्या अक्षरात होतं त्याचा जो ठसा राहायचा तोही गेला. गाणी वाढली आहेत, ही चांगलीच गोष्ट. आगरी बोलीतली नवी गाणी याच भागातली मुलं रचतात, चाल लावतात आणि चित्रित करून टाकतात. त्यांच्या गाण्यांतली हळद, बैल, खाडी, भाऊबंदकी हे त्यांचं आत्मचरित्रच आहे.

पुस्तकांची गोष्ट त्या मानाने थोडी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून त्यांना अनुदान मिळू लागलं. पण पाड्यावरच्या मुलाच्या हाती पहिलं पुस्तक येतं ते बालभारतीचं. पुष्कळ घरांत तेच एकमेव पुस्तक असतं, म्हणून ते सगळेच वाचतात: थोरल्याचं धाकट्याला मिळतं, आणि न शिकलेली आई मुलीकडून त्यातली गोष्ट वाचून घेते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचं वाचन असं मोठ्याने, घराला ऐकवत चालतं. औषधाच्या बाटलीवरचं नाव, विजेचं बिल, तलाठ्याची नोटीस, जातीच्या दाखल्याचा अर्ज हेही तोच वाचतो. मध्यमवर्गीय घरात वाचणारं मूल घरापासून बाजूला, खिडकीपाशी जातं. इथे वाचणाऱ्या मुलाभोवती घर गोळा होतं. वाचनावर लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी हे फारसं टिपलेलं नाही. हे टिपायला घरातल्याच विद्यार्थ्याची वही लागेल.

मुलींच्या बाबतीत एसटीचा पास ही पुस्तकाइतकीच मोठी गोष्ट ठरली. अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळकरी मुलींना प्रवास फुकट झाला आणि सातवीनंतर घरी बसवल्या गेल्या असत्या अशा कितीतरी जणी हायस्कूलला जाऊ लागल्या. थांब्यावरचा आणि गाडीतला तो रोजचा वेळ त्यांचा स्वतःचा असतो. घरी पाणी, भांडी, धाकटी भावंडं. शाळेत तास आणि प्रश्नोत्तरं. मधल्या त्या वेळात पुस्तक वाचलं जातं, एका इयरफोनवर दोघी गाणं ऐकतात, आणि मागच्या पानावर काहीतरी लिहिलं जातं.

ही पानं राहावीत म्हणून काय करता येईल, याचं उत्तर ठाण्याकडेच आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक विनायक लक्ष्मण भावे. घरचा धंदा मिठागरांचा. या माणसाने गावोगावची हस्तलिखित बाडं जमवली, वाचली आणि त्यांतून ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. दडून राहिलेलं महानुभावांचं साहित्य मराठी वाचकांपुढे आणणाऱ्यांतही ते होते. ज्या बाडांना घरच्या लोकांनी माळ्यावर टाकलं होतं, वाळवी लागली होती, त्यांत महाराष्ट्राचं सारस्वत आहे हे भाव्यांना दिसलं. ते कुणा विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. त्यांना ओढ होती आणि बाड मागायला दारोदार जायची लाज नव्हती.

शाळांची हस्तलिखितं आज त्याच अवस्थेत आहेत. इमारत नवी झाली, कपाट हललं, मुख्याध्यापक बदलले की एकच प्रत असलेलं ते बाड जातं. जनरल रजिस्टराला जसा नियम आहे तसा हस्तलिखिताला नाही. तो करायला सरकारची वाट पाहायचं कारण नाही. अंबाडीच्या पंचक्रोशीतल्या शाळांनी, आश्रमशाळांनी आणि एखाद्या ड वर्गातल्या वाचनालयाने मिळून एक कपाट ठेवलं तरी सुरुवात होते. जुनी हस्तलिखितं जिथे उरली असतील तिथून आणायची, मोबाइलवर त्यांची पानं टिपून घ्यायची आणि मूळ प्रत जपायची. दरवर्षी मुलांनी स्वखुशीने दिलेली काही पानं त्यात भरायची. ज्याला नाव नको असेल त्याचं नाव झाकायचं. वारली, कातकरी, आगरी बोलीत लिहिलेलं प्रमाण मराठीत सुधारायचं नाही. आजीने सांगितलेलं गाणं असेल तर गाणारीचं नाव, गाव आणि साल खाली लिहायचं, आणि भट्टीवरून परतलेल्या मुलांसाठी जूनमध्ये शाळेचा पहिला आठवडा या लिहिण्याला मोकळा ठेवायचा, गुणांशिवाय.